'नवी वनस्पती सापडली' म्हणजे नक्की काय झालं?

दर पावसाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक तरी फॉरवर्ड येतोच. कुठलंतरी इवलंसं फूल, मागे धुकं, आणि खाली "सह्याद्रीत नव्या वनस्पतीचा शोध!!" असं दोन उद्गारचिन्हांसकट. आणि दर वर्षी आमचे काका तोच प्रश्न टाकतात, "पिढ्यानपिढ्या लोक त्या डोंगरावर गुरं चारतायत, शनिवार-रविवार तुमच्यासारखे शेकड्यांनी ट्रेकला जातायत, आणि ही आत्ता सापडली? आधी काय सगळे डोळे मिटून चालत होते?"

काकांना ग्रुपवर उत्तर द्यायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा मध्येच कुणाचातरी वाढदिवस आला. म्हणून आता एकदाच बैजवार लिहितोय.

मी बॉटनीवाला नाही हे आधीच सांगतो. कॉलेजपासूनची एक मैत्रीण हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात, काम करते, तिच्यामागे पिशव्या उचलत गेली काही वर्षं सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, भटकतोय आणि जे काय कळलंय ते तिच्याकडून, बरंचसं बोलणी खाऊन.

तर पहिली गोष्ट. पेपरात "नवीन" हा एकच शब्द असतो पण त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवलेल्या असतात. एक, जगात कुणीच आजवर शास्त्रीय नाव दिलं नव्हतं अशी वनस्पती, म्हणजे विज्ञानासाठी नवीन. दोन, नाव जुनंच आहे, दुसरीकडे कुठे माहीत आहे, पण या देशात किंवा राज्यात पहिल्यांदा नोंद झाली, याला नवीन नोंद म्हणतात. आणि तीन, आधी इथेच होती, मग पन्नास-शंभर वर्षं कुणाला दिसलीच नाही आणि आता परत दिसली. बातमी तिन्हीची सारखीच येते, पण काम तिन्हीत वेगळं असतं.

आणि हो, एक भाषेचा घोळ. शाळेच्या पुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती शिकवलं, पेपरवाले मात्र स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतात. त्यामुळे मी इथे सरळ जीनस आणि स्पीशीज असंच लिहिणार आहे, शुद्ध मराठीवाल्यांनी माफ करा. जीनस म्हणजे जवळच्या झाडांचं घराणं, स्पीशीज म्हणजे त्या घराण्यातलं एकेक, आणि शास्त्रीय नावात पहिला शब्द जीनसचा असतो.

नवीन नोंदीचं सगळ्यात भारी उदाहरण तुमच्या आमच्या सोसायटीच्या कंपाउंडबाहेर उभं आहे. गाजरगवत. काँग्रेस गवत म्हणा हवं तर, पांढऱ्या टोप्या घातल्यासारखी फुलं म्हणून ते नाव पडलं असं म्हणतात. हे मूळचं अमेरिका खंडातलं. झाडांना अशी दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने त्याला १७५३ मध्येच पार्थेनियम हिस्टेरोफोरस असं नाव देऊन ठेवलेलं. पुण्यात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कचऱ्याच्या ढिगांवर हे झाड अभ्यासकांच्या नजरेला पडलं, आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ते भारतासाठी नवीन नोंद म्हणून छापलं. म्हणजे विज्ञानाला दोनशे वर्षांपासून माहीत असलेलं झाड, फक्त इथे नवीन. तेव्हा ते वाचून कुणाला वाटलं असेल की हे पुढे अख्ख्या देशाचं अंग खाजवायला लावणार आहे?

पण गंमत पुढे आहे. अमेरिकेतून मदतीच्या गव्हाबरोबर बी आलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. त्या काळात ते झपाट्याने पसरलं हे खरंच, पण नंतर लोकांनी जुनी कपाटं उघडली तेव्हा डेहराडूनच्या हर्बेरियममध्ये १८८० सालची, भारतातूनच गोळा केलेली या झाडाची वाळवलेली फांदी निघाली. म्हणजे "पहिली नोंद" पहिली नव्हतीच! पुण्याचं रोप खोटं ठरत नाही, त्याच्या आधीही कधीतरी, कुठेतरी कुणाच्या तरी हाताला ते लागलेलं होतं आणि कागदावर चिकटून गप्प बसलेलं होतं, एवढंच.

हे कपाट लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता राज्याच्या नोंदींबद्दल काका हसतात, आणि थोडं हसण्यासारखं आहेही. चोर्ला घाटात महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक तिन्हीच्या हद्दी जवळजवळ येतात. तिथलं एखादं झाड गोव्याच्या यादीत असेल आणि ओहोळाच्या अलीकडे आपल्या बाजूला दिसलं की झालं "महाराष्ट्रासाठी नवीन". झाडाला काय सातबारा माहीत नसतो. पण याद्या राज्यवार बनतात, वनखात्याचं काम राज्यवार चालतं, त्यामुळे यादीत नसलेलं झाड त्या राज्यापुरतं नसल्यातच जमा होतं. एखाद्या सड्यावर खाण येणार असेल तेव्हा तिथे काय उगवतं याची छापील नोंद आहे की नाही याने फरक पडतो.

बरं, आता सड्यावर जाऊ. कारण काकांचा मुख्य प्रश्न तोच आहे, की आधी दिसली कशी नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं सिंधुदुर्गातल्या एका कातळसड्यावर होतो. जांभ्याचा सपाट माळ, त्यावर घोट्याएवढं पाणी, आणि पाण्यात दूरवर पांढऱ्या टाचण्या टोचून ठेवल्यासारखे गेंद. गेंद म्हणजे एरिओकॉलॉन, कासला गेलेल्या प्रत्येकाने याचा फोटो काढलेला असतो. मी म्हटलं, "किती आहे गं हा गेंद." ती म्हणाली, "हा? इथे निदान चार वेगळे आहेत, त्यातल्या दोघांवर तू पाय ठेवून उभा आहेस." खाली बघितलं तर मला सगळं एकच दिसत होतं. मग तिने दोन टाचण्या उपटल्या, एक पांढरा गोळा नखाने फोडला आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. तो गोळा म्हणजे एक फूल नसतंच. त्यात कितीतरी बारकी बारकी फुलं दाटीवाटीने बसलेली असतात, काही नर काही मादी, नरफुलांमधून खसखशीच्या दाण्याहून लहान काळे ठिपके डोकावत होते ते परागकोश. एका गोळ्यातल्या फुलांना बाहेरची दलं दोन, दुसऱ्यातल्यांना तीन. एकाच्या दलांवर पांढरे केस, दुसऱ्याचं गुळगुळीत. पावसात, भिंगावर थेंब, चष्म्यावर वाफ, आणि ही बया दलं मोजतेय.

आणि एवढ्यावर भागत नाही. गेंदाचं खरं आधारकार्ड त्याचं बी. मोहरीपेक्षा कितीतरी लहान, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या सालीवर जाळी, काटे, केसांसारखे उंचवटे असं नक्षीकाम असतं आणि ते प्रत्येक स्पीशीजचं वेगळं. भारतात गेंदाचे शंभराहून जास्त स्पीशीज आहेत आणि चालता चालता सगळे पांढरी टाचणीच दिसतात. २०२० च्या सुमारास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी दोन नवे गेंद जाहीर केले, एक सिंधुदुर्गातल्या वैभववाडीचा एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम, म्हणजे छोट्या डोक्याचा, आणि दुसरा कर्नाटकातल्या कुमट्याचा, किनारपट्टीला तिकडे करावळी म्हणतात त्यावरून एरिओकॉलॉन करावळेन्स. तेव्हा काका, डोळे कुणी मिटलेले नव्हते. नुसत्या डोळ्यांनी तो फरक दिसण्यासारखा नव्हताच.

दुसरं कारण म्हणजे वेळ. सड्यावरची बरीच झाडं दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात आणि फूल तर काहींचं आठवडाभरच. त्या आठवड्यात, त्या सड्यावर, त्या कोपऱ्यात, भिंग घेऊन, आणि मुख्य म्हणजे आधीचे शंभर गेंद पाठ असलेला माणूस हजर असावा लागतो. ट्रेकर हजार गेले तरी त्यांचं लक्ष धबधब्याकडे.

आता समजा वेगळं काहीतरी दिसलं. पुढे काय? इथूनच खरं काम सुरू होतं आणि ते भयंकर कंटाळवाणं आहे, म्हणजे बघणाऱ्याला. रोप मुळासकट, फुलासकट, जमलं तर फळासकट घेतात, तेही परवानगी असेल तिथेच आणि भरपूर रोपं असतील तरच. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरवून, एक पान उलटं ठेवून म्हणजे मागची बाजूही दिसेल, लाकडी प्रेसमध्ये पट्ट्यांनी आवळतात. मग रोज कागद बदलायचे. पावसाळ्यात घरी चादरी वाळत नाहीत तिथे झाडं वाळवायची म्हणजे विचार करा, मैत्रिणीच्या घरी सप्टेंबरात इस्त्री कपड्यांसाठी मिळतच नाही. नाजूक फुलं वेगळी काढून स्पिरिटच्या बाटलीत, कारण दाबलं की त्यांचा आकार जातो. आणि वहीत लगेच लिहायचं: रंग, वास, जमीन कसली, उंची किती, शेजारी काय उगवलं होतं, तारीख, आणि गोळा करणाऱ्याचा स्वतःचा नंबर. रंग तर पहिल्याच दिवशी लिहिला नाही तर गेला, वाळल्यावर जांभळा, निळा, गुलाबी सगळे एकजात चहाच्या चोथ्याचे होतात.

मग ते जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून, उजव्या कोपऱ्यात लेबल लावून हर्बेरियमच्या कपाटात जातं. आपल्याकडे अशी मोठी कपाटं बऱ्याच ठिकाणी आहेत, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि आघारकर संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. आणि देशाचं मध्यवर्ती हर्बेरियम हावड्याला.

यानंतर ओळख पटवणं, आणि यात पहिला प्रयत्न असतो ते झाड नवीन नाहीये हे दाखवायचा. हे मला फार आवडलं. माझ्यासारखा माणूस "नवीन असेल का?" म्हणून उड्या मारत असतो आणि ती शांतपणे म्हणते, "आधी जुनं कोणतं आहे ते बघू." त्यासाठी फ्लोरा नावाची जाड पुस्तकं असतात, एकेका भागातल्या झाडांची वर्णनं असलेली. आपल्या भागाचं मूळ पुस्तक थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये काढलं, बॉम्बे प्रेसिडेन्सीची फ्लोरा. हे कुकसाहेब पुण्याच्या इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, आणि रिटायर होऊन इंग्लंडला गेल्यावर क्यू नावाच्या तिथल्या मोठ्या वनस्पती उद्यानात बसून झाडांवर लिहिलं. इंजिनिअरने भलत्याच विषयात नाव काढायची पुण्याची परंपरा जुनी दिसते. त्याच्याही आधी हूकर यांची अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानची सात खंडी फ्लोरा, १८७२ ते १८९७. या पुस्तकांत एक चावी असते. पानं समोरासमोर का एकाआड एक? समोरासमोर असतील तर चारवर जा, नसतील तर नऊवर जा. चारवर गेलं की विचारणार, देठ आहे का नाही. असं सापशिडीसारखं खाली खाली उतरत शेवटी एका नावावर पोचायचं. आणि कधीकधी पोचतच नाही. दोन पर्याय समोर, आणि हातातलं झाड दोन्हीत बसत नाही. तिथे खरी धडधड सुरू होते असं ती म्हणते, आणि तिथेच पुढचे सहा महिने वाया जाऊ शकतात असंही म्हणते.

कारण आता मूळ नमुने बघायचे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव हे कुठल्यातरी एका ठरलेल्या वाळलेल्या शीटला बांधलेलं असतं, त्याला टाइप म्हणतात. गाय कितीही चरत फिरू दे, दावं एका खुंट्याला असतं ना, तसं. वर्णन धूसर असेल, चित्र चुकलं असेल, पण नावाचा खुंटा म्हणजे ती शीट. १९५८ पासून तर नवीन नाव देताना टाइप कोणता हे सांगणं सक्तीचंच आहे. आपल्या सह्याद्रीतल्या जुन्या झाडांचे कितीतरी टाइप लंडनजवळ क्यूला आहेत, कारण गोळा करणारे साहेब लोक. पूर्वी त्यासाठी बोटीने, नंतर विमानाने जावं लागायचं, नाहीतर पत्र पाठवून फोटोची वाट बघत बसायचं. आता बरेच टाइप स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, झूम करून पानावरचा केससुद्धा दिसतो. गेल्या वीस-एक वर्षांत आपल्याकडच्या कामाने वेग घेतला त्यात या स्कॅनचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आणि हे कपाट कसं आहे बघा. २०१० मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात नव्या स्पीशीजचे नमुने गोळा कधी झाले आणि नाव कधी मिळालं याचा हिशोब मांडलेला. गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत नाव मिळालेले फक्त १६ टक्के. आणि जवळजवळ पाव नव्या स्पीशीजच्या बाबतीत पन्नास वर्षांहून जुने नमुने होते! म्हणजे "शोध" डोंगरात लागला असं आपण समजतो, तेव्हा बऱ्याचदा तो डांबरगोळ्यांच्या वासाच्या खोलीत लागलेला असतो, दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोबांच्या वयाच्या माणसाने आणून ठेवलेल्या कागदावर. सगळ्यात कहर म्हणजे ते राक्षसी कमळ, थाळीएवढ्या नव्हे, लहान मूल बसेल एवढ्या पानांचं, व्हिक्टोरिया. त्याचे दोनच स्पीशीज आहेत असं सगळे धरून चालले होते. २०२२ मध्ये क्यूच्या लोकांनी तिसरा जाहीर केला, व्हिक्टोरिया बोलिव्हियाना, आणि त्याचा वाळवलेला नमुना त्यांच्याच हर्बेरियममध्ये १७७ वर्षं पडून होता, दुसऱ्या नावाखाली. एवढं मोठं कमळ! मग आपला नखाएवढा गेंद कुणाच्या नजरेतून सुटला तर काय नवल.

बरं, टाइपशी जुळलं नाही. तरी लगेच नवीन म्हणता येत नाही. एकच झाड सावलीत वाढलं की पान रुंद, उन्हात वाढलं की अरुंद, पाऊस कमी झाला की बुटकं. माणसातसुद्धा एकाच घरात एक उंच एक ठेंगू असतो, त्याला आपण वेगळी जात नाही म्हणत. त्यामुळे एका रोपावरून काही ठरत नाही, निदान ठरवू नये. बरीच रोपं बघायची, शक्य तर दोन-तीन हंगाम बघायची, एखादा कंद बागेत लावून तो वेगळेपणा तिथेही टिकतो का ते बघायचं. कंदीलपुष्पांसाठी, म्हणजे सेरोपेजियासाठी, शिवाजी विद्यापीठात तर खास बागच आहे.

या कंदीलपुष्पांवर थोडं थांबतो कारण ती माझी आवडती, आणि महाराष्ट्राचं या बाबतीत नाव आहे. नाजूक वेल किंवा काडीसारखं झुडूप, आणि फूल म्हणजे फुगीर बुडाची उभी नळी, वर पाकळ्या टोकाला जुळून कंदिलासारख्या. आत केस खालच्या दिशेने वळलेले. बारकी माशी वासाला भुलून आत शिरते, केसांमुळे परत वर येता येत नाही, रात्रभर लॉजिंग, आणि केस सुकले की परागकण घेऊन सुटका. भारतात याचे पन्नासहून जास्त स्पीशीज आहेत, पुष्कळसे सह्याद्रीत आणि काही तर एखाद्या किल्ल्यापुरते. नाशिकच्या अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका २००६ मध्ये जाहीर झाली, एस. आर. यादव सर त्यात होते, कोल्हापूरच्या या सरांचं नाव तुम्हाला अशा कितीतरी नावांच्या पुढे, नाव देणाऱ्यांची नावं लिहितात तिथे, दिसेल. आणि विशाळगडावरच्या एका कंदीलपुष्पाला अलीकडेच शिवरायांच्या नावावरून सेरोपेजिया शिवरायियाना नाव दिलंय, ती बातमी तुम्ही वाचली असेल.

या जीनसमधली बऱ्याच जणांची नावं गावातल्या लोकांना माहीत असतात, खरपुडी, हमण असं काय काय म्हणतात. कंद गोडसर, कच्चा खातात. म्हणजे जे "विज्ञानासाठी नवीन" त्याचा कंद गुराख्याच्या पोराने लहानपणी उकरून खाल्लेला असू शकतो. काकांचा मुद्दा इथे मात्र शंभर टक्के बरोबर आहे, नवीन कुणासाठी ते विचारायलाच हवं.

नावाच्या शेपट्यांवरूनही बरंच कळतं, एकदा कळलं की नावं घाबरवत नाहीत. गावाचं नाव असेल तर शेवटी एन्सिस, म्हणून पाचगणीची पांचगणिएन्सिस आणि साताऱ्याचा वायतुरा अपोनोजेटॉन सातारेन्सिस. पुरुषाचं नाव असेल तर शेवटी ई, झेवियर्सच्या फादर सांतापाव यांची सांतापावी. बाईचं असेल तर ए, जसं नूरजहानिए. स्वतःचं नाव स्वतः शोधलेल्या झाडाला द्यायची पद्धत नाही, नियमाने बंदी नसली तरी लोक हसतात.

मग पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहायचा. १९३५ पासून २०११ संपेपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यायलाच लागायचं, आणि ते छापील कागदावरच. २०१२ पासून इंग्लिश चालतं आणि ऑनलाइन पीडीएफही चालते. मराठी चालत नाही, अजून तरी. पण गावांची नावं आपली घुसतायत त्यावर समाधान. पेपरात सगळ्यात जवळच्या भावंडाशी तुलना करणारा तक्ता असतो, याचं पान असं तिचं तसं, याचं बी असं तिचं तसं, आणि टाइप कुठल्या कपाटात ठेवला ते. शिवाय आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन काही सापडलं तर ठरलेल्या सरकारी संस्थेला कळवून नमुना जमा करायला लागतो. परीक्षक दोन-तीन वेळा परत पाठवतात. छापून आलं की झालं, नाव अधिकृत. कुठलीही समिती शिक्का मारत नाही, हे ऐकून मला जरा धक्काच बसला होता. उद्या कुणी दाखवून दिलं की हे तर जुन्या अमक्याचंच रूप आहे, की नाव पर्यायी नावांच्या यादीत जाऊन बसतं आणि जास्त जुनं नाव जिंकतं. अशी बसलेली नावं हजारोंनी आहेत.

डीएनए मग कशाला आहे, असं पुढचं फॉरवर्ड विचारेल. डीएनए फार कामाचा आहे पण तो कोर्टातल्या साक्षीदारासारखा, न्यायाधीशासारखा नाही. पानाचा तुकडा घेऊन ठरावीक दोन-तीन जागांचा क्रम वाचतात आणि इतरांशी ताडून बघतात. पण अगदी जवळच्या स्पीशीजमध्ये त्या जागा जवळजवळ सारख्याच निघतात, आणि किती टक्के फरक म्हणजे वेगळी स्पीशीज असा काही आकडा ठरलेला नाही. डीएनएने खरी उलथापालथ केली ती वरच्या मजल्यांवर, कोण कुठल्या कुळात आणि कुठल्या जीनसमध्ये बसतं त्यात. सागवान पूर्वी निर्गुडीबरोबर वेगळ्या कुळात होता, आता दोघंही तुळशीच्या कुळात आहेत. सागवान आणि तुळस, एकाच घरातले!

आणि बाभळीचं काय झालं ते तर ऐकाच. आपण शाळेत शिकलो बाभूळ म्हणजे अकेशिया. डीएनएवरून कळलं की अकेशिया म्हणजे एक घर नाही, चार-पाच वेगळी बिऱ्हाडं आहेत, तेव्हा वाटणी करायला लागणार. अकेशिया नाव कुणाला? नियमाने खुंटा जिथे आहे त्याला, आणि खुंटा होता आपल्या बाभळीवर. पण ऑस्ट्रेलियातल्या बिऱ्हाडात साधारण हजार स्पीशीज, सगळ्यांची नावं बदलायची म्हणजे केवढा व्याप. म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वनस्पतीवाल्यांच्या, तो खुंटाच उपटून ऑस्ट्रेलियातल्या झाडावर ठोकला. आफ्रिकेकडून प्रचंड आरडाओरडा झाला, पण २०११ मध्ये मेलबर्नला निर्णय कायम. आता आपली बाभूळ वाचेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कटेचू, आणि कोकणात रस्त्याकडेला सामाजिक वनीकरणाने लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अजून अकेशिया. पाहुणी मालकीण झाली आणि घरचीने आडनाव बदललं.

असाच एक किस्सा जुन्नरकडचा. शिंदळ माकुडी, शिवसुमन पण म्हणतात, कड्याच्या कपारीत वाढणारं मांसल खोडाचं झाड, गडद लाल फुलावर पिवळे ठिपके. डॅलझेल नावाच्या साहेबाने १८६० च्या दशकात याला अख्खा नवा जीनस दिला, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून फ्रेरिया इंडिका. त्या जीनसमध्ये हे एकटंच. पुढे लोकांना वाटलं हे तर कॅरालुमा नावाच्या जीनसमध्ये जायला हवं, पण तिथे इंडिका नावाचं कुणीतरी आधीच बसलेलं. म्हणून १९५८ मध्ये ते कॅरालुमा फ्रेरी झालं, म्हणजे फ्रेअरसाहेब पहिल्या नावातून दुसऱ्या नावात गेले. मग बुसेरोसिया फ्रेरी. आणि २०१७ मध्ये काही जणांनी तो सगळा गोतावळाच कंदीलपुष्पात ढकलला, सेरोपेजिया फ्रेरी. सगळ्यांना हे पटलेलं नाही, आपल्याकडचे बरेच जण अजून फ्रेरिया इंडिकाच म्हणतात आणि मीही. झाड बिचारं दीडशे वर्षं त्याच कपारीत आहे.

शेवटी एक विनंती, सड्यावर वेगळं काही दिसलं तर उपटू नका. फोटो काढा पण फक्त फुलाचा समोरून नको, तो बघून ओळखणाऱ्याला काही करता येत नाही. फुलाची मागची बाजू, पानाची खालची बाजू, खोड, पान खोडाला कसं जोडलंय ते, आणि शेजारी एक नाणं ठेवून. अचूक जागा मात्र जगजाहीर करू नका. दुर्मिळ ऑर्किड आणि कंदीलपुष्पांचे कंद काढून नेणारे लोक आहेत, म्हणून शास्त्रीय पेपरातसुद्धा कितीदा जागा मुद्दाम मोघम लिहितात.

सड्यावरच्या त्या चार गेंदांपैकी तीन जुनेच निघाले. चौथ्याची शीट मैत्रिणीच्या फोल्डरमध्ये आहे, लेबलवर पेन्सिलीने "एरिओकॉलॉन" आणि पुढे जागा कोरी. चावीत बसत नाही, पण आम्ही गेलो तेव्हा फुलं नुकती आलेली, बी धरलेलंच नव्हतं, आणि बियाशिवाय ती एक अक्षर पुढे लिहायला तयार नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जायचंय. यावेळी रेनकोट नको, पाण्याच्या चार बाटल्या आण म्हणाली, तोवर कातळ तव्यासारखा तापलेला असतो.